खालून दिसणारे दात

कवळीवाल्याला माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नसत, तोंडाच्या आतून येत. रस्त्यात समोरून कोणी ओळखीचं हसलं तरी हा कोरडाच. पण त्याच माणसाने पुढे जाऊन जांभई दिली की याचा चेहरा खुलायचा. "अहो, तुम्ही होय! काय म्हणते खालची कवळी?" असं भर रस्त्यात विचारल्यामुळे त्याने बरेच मित्र गमावले होते. गिऱ्हाईक मात्र एकही गमावलं नव्हतं.

दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्याची लांबट खोली होती. एक खिडकी, एक टेबल, मेण वितळवायचा छोटा दिवा आणि भिंतींना फळ्या. पुढे डॉक्टरीणबाई लोकांच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या. मागे हा त्या ठशात प्लास्टर ओतून जबडा काढायचा, जबड्यावर मेणाच्या हिरड्या चढवायचा आणि त्यांत एकेक दात रोवायचा. ही मेणाची कवळी माणसाच्या तोंडात बसवून बघायची, सगळं ठीक असेल तरच पक्की करायची. काम झालं की जबडे फळीवर जात. न्यायाधीश, वाणी, बँकेचा मॅनेजर, गाण्याच्या बाई, सगळे शेजारी शेजारी आ वासून बसलेले. एवढी मोठमोठी तोंडं एका जागी आणि तरी शांतता, असं दृश्य त्या शहरात दुसरीकडे कुठे नव्हतं.

दात मांडण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. माणसाचे मूळचे दात कसे होते ते कळायला त्याला एक जुना, हसरा फोटो पुरायचा. फोटो नसला तर तो घरच्यांना विचारायचा, दात कसे होते? नवऱ्याचे दात बायकोला कसे आठवतात आणि सासूचे सुनेला कसे आठवतात यावरून त्या घराची जी माहिती त्याला व्हायची, ती तो कोणाला सांगत नसे. आणि सुनेच्या आठवणीवरून सासूची कवळी कधी बनवत नसे.

एका सकाळी तो एका मास्तरांची दाढ मेणात रोवत असताना दारात त्याची चुलत बहीण येऊन उभी राहिली. ताई दवाखान्यात कधी येत नसे. तिचे दात चांगले होते.

"बाबांना कवळी करायचीय," ताई म्हणाली.

दाढ त्याच्या हातातून निसटली. ती शोधायला तो टेबलाखाली गेला आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ तिथे राहिला.

"सापडली का?"

"शोधतोय."

ताईने वाकून पाहिलं. "अरे, मुठीत काय आहे मग तुझ्या? बाहेर ये. दोन कवळ्या झाल्या त्यांच्या. पहिली खिडकीतून फेकली. दुसरी शेजारच्या कुत्र्याने पळवली, आणि खरं सांगू, त्याला ती बरी बसत होती. आता सगळं पातळ करून पाजायचं, तेही अर्धं सांडतात. कपडे नुसते लोंबतायत अंगावर. डॉक्टर म्हणतात, चावून खाल्लं नाही तर फार दिवस काढायचे नाहीत."

"मग तिसऱ्या कोणाकडे तरी..."

"तूच हवास म्हणतात."

"मी?"

"त्यालाच बोलव म्हणाले. नाव घेतलं तुझं! इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

"पण मीच का?"

"त्यांनी कधी कारण सांगितलंय का कशाचं?" ताई म्हणाली. "येतोस ना?"

त्याला नाही म्हणायचं होतं. पण ऐन वेळी दातखिळी बसली, आणि ताईने ते होय धरलं.

त्याचे वडील लवकर गेले. त्यानंतर आई त्याला घेऊन दिराच्या आसऱ्याला आली. काका गोदामात मुकादम होते. पोत्यांवरची सुतळी दातांनी तोडायचे, अक्रोड दातांनी फोडायचे, बाटलीचं बूच दातांनी उपटायचे. गोदामातले हमाल या दातांचं कौतुक करायचे. घरात त्यांचं कौतुक करायची कोणाची हिंमत नव्हती. काका चिडले की आधी बोलत नसत, दात खायचे. करकर, करकर, जात्यात खडा अडकल्यासारखे. तो आवाज सुरू झाला की आई पदर तोंडाला लावायची, काकू स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि ताई पुस्तक उलटं धरून वाचायला लागायची. मग काका त्याची बखोट धरायचे आणि जिन्याखालच्या कोळशाच्या खोलीत त्याला घालून बाहेरून कडी लावायचे. आत मिट्ट काळोख. बाहेर, दाराला लागून, करकर. दाराबाहेर काका किती वेळ उभे राहायचे कोण जाणे. त्याला तो आवाज ते निघून गेल्यावरही ऐकू यायचा.

ज्याला एका माणसाच्या दातांची एवढी धास्ती, त्याने पुढे दातांचाच धंदा का धरला, हे त्याला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर जागा रिकामी होती असं त्याने सांगितलं असतं, आणि तेही खरंच होतं.

"एवढं काय पांढरं पडायचं त्यात?" बायको म्हणाली. "म्हातारा वाळून काडी झालाय म्हणे. तोंडात एक दात नाही. आता कशाला घाबरायचं?"

"अगं, म्हणूनच," तो म्हणाला. "आता ते मी द्यायचेत."

"मग नका देऊ," ती म्हणाली. "पण तो माणूस उपाशी मेला तर तुम्ही आयुष्यभर जेवणार नाही. तुम्हाला ओळखते मी."

तो गेला. सामानाची पेटी छातीशी धरून जिन्यापाशी पोचला. जिन्याखालचं दार तसंच होतं. वर रंगाचे थर चढले होते, कडीसुद्धा रंगवलेली होती, पण होती बाहेरूनच. तो जिना भिंतीला घासत चढला. इतका, की वर पोचल्यावर ताईने त्याच्या खांद्यावरचा चुना झटकला.

काका खिडकीशी खुर्चीत होते, मांडीवर पांघरूण. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. धंद्याची सवय किती उपयोगी पडते, असं त्याला वाटलं.

"आ करा, काका."

काकांनी आ केला. त्याने ट्रेमध्ये लगदा भरला आणि दोन बोटं त्या तोंडात घातली. आता लगदा घट्ट होईपर्यंत हात हलवायचा नाही. गिऱ्हाइकाचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून या वेळात तो हवापाण्याच्या गप्पा मारायचा. आज हवा, पाणी, काहीच आठवेना. टाळूची ऊब बोटांना लागत होती. आणि एकाएकी काकांच्या हाताने त्याचं मनगट धरलं.

आता बखोट, आता जिना, आता कडी, असं सगळं ओळीने डोळ्यांसमोरून गेलं. आपण डोक्यावरचे केस पांढरे झालेले गृहस्थ आहोत, आपल्याला सून आहे, हे त्याने मनाशी म्हणून पाहिलं. काही फरक पडला नाही. काकांच्या घशात घरघर झाली. मग त्याला कळलं, लगदा घशाकडे सरकतोय. त्याने ट्रे थोडा पुढे ओढला. घरघर थांबली. मनगट सुटलं.

ठसा उत्तम निघाला. शर्ट पाठीला चिकटला होता.

खाली उतरताना त्याने ताईला हसरा फोटो मागितला.

"कोणाचा? बाबांचा?" ताईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने शिंगं असलेला मागितला. तिने शोधले. लग्नातले, गोदामातले, बक्षीस समारंभातले. सगळ्यांत काकांचे ओठ घट्ट मिटलेले. "तूच कर रे तुझ्या आठवणीने," ती म्हणाली. "तुझ्याइतके जवळून कोणी पाहिलेत?"

आठवण चांगलीच होती. त्याने काकांचा जबडा प्लास्टरमध्ये ओतला आणि वाळल्यावर फळीवर ठेवला. बाकीचे जबडे खोलीकडे तोंड करून होते. हा त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला. मग दातांचा खण उघडला आणि सगळ्यांत मागच्या कप्प्यातले, आजवर कोणाला न लागलेले मोठे दात काढले. पटाशीचे दात फावड्यासारखे. सुळे जरा पुढे. एकेक दात मेणात बसत गेला तसा त्याचा श्वास जड होत गेला. पण हात थांबेना. त्याला तो आकार पाठ होता.

डॉक्टरीणबाई कशाला तरी मागे आल्या आणि टेबलापाशी थबकल्या. "अहो कवळीवाले, हे कोणाचे?"

"माझ्या काकांचे."

"माणूसच आहेत ना?"

"तसं म्हणतात."

"मस्करी नाही करत मी. जबडा बघा केवढासा आणि दात बघा. ओठ मिटणार नाहीत त्यांचे."

"त्यांचे असेच होते."

"तुम्ही बघितले होते?"

"रोज," तो म्हणाला. बाई त्याच्या चेहऱ्याकडे पाहून पुढे दवाखान्यात गेल्या. इतक्या वर्षांत दातांच्या बाबतीत त्याची चूक झालेली त्यांनी पाहिली नव्हती, म्हणून ती समोर असूनही चूक म्हणायला त्या धजल्या नाहीत.

मेणाची कवळी घेऊन तो पुन्हा जिना चढला. खालच्या दाराकडे त्याने पाहिलं नाही, पण ते त्याच्याकडे पाहत असावं.

काकांनी वरची कवळी घातली, मग खालची. ओठ मिटायला गेले आणि मिटलेच नाहीत. दात बाहेर राहिले, पांढरेशुभ्र, हिरड्यांपर्यंत उघडे. तो भिंतीपर्यंत मागे सरकला. हेच. हेच ते तोंड. दार लावण्याआधी वाकून पाहायचं तेच. ज्याची भीती वाटते तेच आपण स्वतःच्या हाताने, वाळवून, घासून, इथे आणून दिलंय, हे त्याला आत्ता कळलं, आणि आता खूप उशीर झाला होता.

काकांनी हात पुढे केला. ताईने त्यांच्या हातात आरसा दिला आणि बशा आणायच्या निमित्ताने दाराशी जाऊन उभी राहिली. बशा खोलीतच, दाराशेजारच्या फळीवर होत्या.

काका आरशात बघत राहिले. डोकं इकडे वळवलं, तिकडे वळवलं. मग त्यांनी आरसा जरा लांब धरला. जवळ बसलेल्या अनोळखी माणसापासून आपण जसे अंग चोरतो, तसे ते खुर्चीत मागे सरकले.

त्यांनी दोन्ही कवळ्या काढून मांडीवर ठेवल्या. दात नसलेल्या तोंडातून शब्द ओले, घसरत यायचे.

"असे होते माझे?"

"हो."

"छे. एवढे?"

"मला एवढेच दिसायचे, काका," तो म्हणाला. "मी खालून बघत होतो."

खुर्ची करकरली. त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"खालून? कधी?"

गप्प बसण्याची ही शेवटची संधी होती. "कोळशाच्या खोलीत घालायच्या आधी."

"तिथे डबे असायचे," काका म्हणाले. "रिकामे डबे आणि झाडू."

"मग दाराला बाहेरून कडी कशाला, काका? डबे पळून जायचे?"

हे कोण बोललं म्हणून त्याने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. ताईच्या हातातली बशी दुसऱ्या बशीवर टेकली, अगदी हळू.

काकांचा चेहरा ताठ झाला. गालफडं हलायला लागली, आत-बाहेर, आत-बाहेर. मानेची शीर तट्ट फुगली. तो भिंतीला पाठ लावून वाट बघत राहिला, कानांत जुना आवाज आधीच सुरू झालेला. आणि मग त्याच्या लक्षात आलं की आवाज फक्त त्याच्या कानांत आहे. खोलीत काहीच वाजत नव्हतं. काका दात खात होते. दात नव्हते. हिरडीवर हिरडी नुसती घासत होती, ओली, बिनआवाजी.

भीती गेली असं नाही. ती होती तिथेच होती. पण दाराकडे पळायला निघालेले पाय जागीच थांबले.

"माझ्याकडूनच का करून घ्यायची होती?" त्याने विचारलं.

गालफडं थांबली. काका खिडकीकडे वळले.

"आधीचे दोघं निर्धास्त होते," ते म्हणाले. "एकजण तोंडात हात घालून क्रिकेट ऐकत होता. तुझा हात कापणार. हात कापणारा माणूस जपून धरतो."

"म्हणजे माहीत होतं तुम्हाला. मी घाबरतो ते."

"सगळीच घाबरायची. मला वाटायचं, घर म्हटलं की असंच असतं." त्यांनी पांघरुणाचं टोक उगाच सारखं केलं. "तुझी आई गेली, त्या दिवशी मी तुझ्याजवळ आलो. तू मागे सरकलास. मिशी फुटली होती तुला, तरी सरकलास." मग म्हणाले, "कडी मीच बसवली होती. त्या खोलीला आधी कडी नव्हती."

पुढचं वाक्य येईल म्हणून तो थांबला. ताईही थांबली. ते आलं नाही. गोदामात ते कधी लागलं नसावं, आणि घरात कोणी कधी मागितलं नव्हतं.

"लहान कर," काका कवळ्या पुढे करत म्हणाले. "माझे होते तेवढे कर."

"तुमचे केवढे होते ते मला माहीत नाही."

"मग बघ. बघून कर." आणि त्यांनी आ केला.

या वेळी त्याने आधी चेहरा पाहिला. डोळ्यांखाली सुरकुत्यांच्या पिशव्या. कानांत पांढरे केस. गालांत खळगे, एकेका खळग्यात लिंबू मावेल असे. बारका म्हातारा होता एक. तो इथे कधी आला आणि काका कधी गेले, कळलं नव्हतं.

खोलीवर येऊन त्याने भिंतीकडचा जबडा वळवला. तो तळहातात सहज मावत होता. दिवा पेटवून त्याने मेण वितळवलं, दात एकेक सुटे झाले, ते धुऊन मागच्या कप्प्यात गेले. पुढे एका पहिलवानाला लागले, आणि त्याला शोभले.

नवी कवळी बसली ती पहिल्या खेपेलाच. काकांनी सफरचंदाची फोड खाल्ली, मग आणखी एक. ताई पदराने डोळे पुसत, कांदा न चिरता, स्वयंपाकघरात गेली. आणि तेवढ्यात, खाऊन झाल्यावर, काकांनी सवयीने दात दातांवर टेकवले. कट्ट.

पेटी त्याच्या हातातून पडली. तो केव्हाच भिंतीशी पोचला होता.

काकांनी पाहिलं. कवळ्या काढल्या आणि शेजारच्या पाण्याच्या ग्लासात सोडल्या.

कवळी नवी असली की हिरडीला टोचते. पुन्हा पुन्हा जाऊन घासून द्यावी लागते. तो जाऊ लागला. दर वेळी जिना चढून वर पोचावं तर दात ग्लासात.

"हे मला कळत नाही," ताई म्हणाली. "परवा माझे व्याही आले तर दोन तास कवळी घालून ताठ बसले होते. शिंकतानासुद्धा काढली नाही. तू जिन्यावर आलास की मात्र लगेच पाण्यात. पाऊल ओळखतात तुझं. राग आहे की काय तुझ्यावर?"

"नाही," तो म्हणाला. "राग नाही."

त्या दिवशी ताईने चहा आणला आणि बशीत सफरचंदाच्या फोडी. काकांनी एक फोड तोंडात धरली आणि लहान पोरासारखी चोखत बसले. रस हनुवटीवरून ओघळला. तो ग्लासाकडे बघत होता. काचेतून, पाण्यातून, दात चांगलेच मोठे दिसत होते. फावड्यासारखे. पाण्यात काहीही मोठं दिसतं हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. तरी तो जरा मागे सरकला.

त्याने ग्लासात हात घातला. बाहेर काढले तेव्हा ते त्याने स्वतः मांडलेले लहान, झिजल्यासारखे, म्हाताऱ्या माणसाचे दात होते. एक सुळा त्याने मुद्दाम किंचित वाकडा बसवला होता, खरा वाटावा म्हणून.

"घाला, काका," तो म्हणाला. "सफरचंद असं चोखतात होय?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "वाजतील."

"वाजू देत."

काकांनी कवळ्या घातल्या. दुसरी फोड उचलली, चावली. कट्ट. मग दुसऱ्या बाजूने, मनापासून. करकर, करकर. त्याने कपबशी दोन्ही हातांनी धरली आणि तो जागचा हलला नाही.

"काय रे वाजतंय एवढं?" ताईने आतून विचारलं.

काकांनी चावायचं थांबवलं. वाजणं थांबलं नाही.

"माझी कपबशी," तो म्हणाला. "खा तुम्ही, काका."